काट मारलेली ओळ

धरणाच्या कचेरीत तिला सगळे नक्षीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण पाठीमागेही फार हळू आवाजात नव्हे. तिला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही. कचेरीतून बाहेर जाणारी प्रत्येक सूचना तिच्या हातून जायची आणि ती नटूनथटूनच उंबरठा ओलांडायची. वर कचेरीचं निळं चिन्ह, खाली दुहेरी रेघ, मधे चौकट, चौकटीत पाण्याची पातळी एका रंगात आणि सोडायच्या पाण्याचा आकडा दुसऱ्या. नुसती बैठक पुढे ढकलल्याचा ईमेल असला, तरी तो भिंतीवर लावावा असा दिसायचा.

शेजारच्या टेबलावरच्या हिशेबनिसांना हे बघवायचं नाही. त्यांचा स्वतःचा ईमेल म्हणजे उपाशी माणसाच्या बरगड्या. 'तक्ता जोडला आहे. पहावा.' संपलं.

"बाई, अहो निरोप द्यायचाय की भिंत रंगवायचीय?" ते विचारायचे.

"तुमचं पत्र वाचून लोकांना वाटतं, घरी भांडून आलेत," ती म्हणायची, आणि सगळी खोली हसायची.

भिंतीचं बोलणं तिला लागायचं नाही, कारण तिचा बाप खरोखरच भिंती रंगवायचा. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, 'येथे गाडी उभी करू नये'. लहानपणी शिडी धरायचं काम तिच्याकडे असे. वरून बाप सांगायचा, "अक्षर आधी डोळ्यात भरलं पाहिजे, मगच डोक्यात शिरतं. धोक्याची पाटी लाल नसली तर तो धोका कसला?" हे वाक्य तिनं आयुष्यभर गाठीला बांधून ठेवलं.

दुसरी शिकवण मोठ्या बाईंची. त्या इथल्या जुन्या हेडक्लार्क. आता निवृत्त होऊन गुडघ्यांना तेल चोळत बसल्या असतील. कागदाच्या काळात त्यांनी कचेरीला एक शिस्त लावून दिली होती. सूचना बदलली तर जुनी खोडायची नाही, फाडायची तर नाहीच. तिच्यावर एक आडवी काट मारायची आणि खाली नवी लिहायची. "आधी काय सांगितलं आणि आता काय सांगतोय, दोन्ही दिसलं पाहिजे," त्या म्हणत. "नाहीतर उद्या प्रत्येक जण हात वर करतो, की मला असं कुणी सांगितलंच नव्हतं." कागद गेले, ईमेल आले, पण काट राहिली. ईमेलमध्ये तर काट मारायला बटणच होतं. मजकूर निवडा, बटण दाबा, सरळसोट रेघ.

पहिल्याच दिवशी संगणकानं विचारलं होतं, पत्रं साध्या मजकुरात पाठवायची की सजवलेली? तिनं 'सजवलेली' वर बोट ठेवलं आणि पुन्हा विचारू नकोस असंही सांगून टाकलं. हिशेबनिसांनी तेव्हा मान वर करून एकच शंका काढली होती. "पंपघराचं काय? तिकडे नुसती अक्षरं जातात."

शंका चुकीची नव्हती. पंपघर धरणाच्या खाली, नदीच्या घळीत. तिथे मोबाइलला रेंज नाही आणि टेलिफोनची तार दर वादळात तुटते. डोंगरावरच्या एका खांबावरून कशीबशी बिनतारी जोडणी खाली नेली होती, पण ती इतकी मंद की एखादं चित्र उतरवायचं म्हटलं तर माणूस म्हातारा व्हावा. म्हणून तिथलं यंत्र फक्त अक्षरं घ्यायचं आणि दुकानातल्या बिलासारख्या अरुंद पट्टीवर ती छापून बाहेर ढकलायचं. नक्षीबाईनं संगणक दुरुस्त करणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, काळजी नको, सजवलेल्या पत्राबरोबर त्याची एक साधी प्रत आपोआप जाते. ज्याला जी झेपेल ती तो घेतो. तिला हायसं वाटलं. ती साधी प्रत दिसते कशी, हे तिनं कधी उघडून पाहिलं नाही.

पंपघराबद्दल तिला इतकं ठाऊक असायचं कारण म्हणजे तिचा नवरा तिथे फिटर होता. नदीकाठी खोल विहीर, तिला जॅकवेल म्हणतात. नदीचं पाणी तळाच्या तोंडातून आत येतं आणि पंपानं उपसून गावाला जातं. त्या तोंडावरची लोखंडी जाळी गाळानं बुजली की नदी आटलेली असताना आत उतरून ती साफ करावी लागते. उतरायचं फिटरनं आणि त्याच्या जोडीदारानं, काठावर थांबायचं पंपवाल्या काकांनी. आत गाळ उपसणारा पंप असा गरजायचा की घरी आल्यावर तासभर नवरा ओरडूनच बोलायचा. "मीठ दे," असं म्हणाला तरी शेजाऱ्यांना वाटे, आज जुंपली. धरणातून पाणी सुटलं की जॅकवेल तळापासून भरते, आणि भरायला फार वेळ लागत नाही. म्हणून कचेरीची सूचना छापून हातात आल्याशिवाय कुणी शिडीवर पाय ठेवायचा नाही, असा तिथला नियम होता.

त्या दिवशी सकाळी तिनंच सूचना पाठवली. 'आज धरणातून पाणी सोडले जाणार नाही. जॅकवेलमध्ये उतरण्यास हरकत नाही.' नवरा गमबूट काखेत मारून तिच्या आधीच घरातून बाहेर पडला होता.

दुपार व्हायच्या आत वरच्या खोऱ्यातून निरोप आला की तिकडे आभाळ फाटलंय. धरणाचे साहेब खोलीतून बाहेर आले. ते घाईत असले की चष्मा कपाळावर चढवायचे. "जेवणाच्या सुट्टीनंतर दरवाजे उघडतोय," ते म्हणाले. "सगळ्यांना कळवा."

नक्षीबाईनं सकाळचीच सूचना पुढे घेतली. वर 'सुधारित सूचना' असं ठळक लिहिलं. सकाळच्या दोन्ही वाक्यांवर काट मारली. आणि खाली तिनं आपली नवी पाटी लावली. ही पाटी तिनं सुट्टीच्या दिवशी घरी बसून तयार केली होती, बापाची आठवण काढत: लालभडक चौकोन, त्यावर पांढरी जाड अक्षरं. 'धोका. आज दुपारी पाणी सोडणार. नदीपात्रात व जॅकवेलमध्ये कोणीही उतरू नये.' पाटी चित्र म्हणून चिकटवलेली, त्यामुळे कुणाच्याही संगणकावर अक्षरं वेडीवाकडी होणार नव्हती. सगळीकडे पाठवून तिनं एकदा लांबून पडद्याकडे पाहिलं. आंधळ्यालाही दिसावी अशी झाली होती.

उत्तरं येऊ लागली. नगर कचेरी: मिळाली. पुलावरची चौकी: मिळाली. तिनं चहा मागवला. चहा अर्धा झाला होता तेव्हा पंपघराचं उत्तर आलं.

'सुधारित सूचना मिळाली. माणसं उतरवली.'

तिनं ते वाचलं आणि तिला वाटलं, काकांनी घाईत काहीतरी चुकीचं टाइप केलं. माणसं वर घेतली असं म्हणायचं असेल. मग तिची नजर उत्तराच्या खाली गेली. यंत्रानं तिचंच पत्र खाली परत जोडलं होतं, जसं ते तिकडे पोचलं तसं.

सुधारित सूचना. आज धरणातून पाणी सोडले जाणार नाही. जॅकवेलमध्ये उतरण्यास हरकत नाही.

त्याखाली तिचं नाव. बस्स. काट नाही, लाल चौकोन नाही. रेघ म्हणजे सजावट आणि चित्र म्हणजेही सजावट. साध्या प्रतीनं दोन्ही गाळून टाकलं होतं. जी ओळ तिनं मारली ती तिकडे जिवंत होऊन पोचली होती आणि जी ओळ माणसं वाचवणार होती ती पोचलीच नव्हती.

आणि आता जे झालं ते सांगायला हवं, कारण भीती माणसाला किती खालच्या पायरीवर नेते ते त्यातून कळतं. ती उठली नाही. साहेबांच्या खोलीचं दार तिच्यापासून चार पावलांवर होतं आणि ती उठली नाही. तिला नवऱ्याची भीती वाटली तशीच, त्याच क्षणी, साहेबांचीही वाटली. हिशेबनीस काय म्हणतील याचीसुद्धा वाटली. कुणाला कळायच्या आत आपणच निस्तरू, असं तिच्या मनानं घेतलं. तिनं नवं पत्र उघडलं, सगळी नक्षी काढून टाकली आणि टाइप केलं, 'पाणी सुटणार आहे. वर या.' पाठवलं. आणि पडद्याकडे बघत बसली.

उत्तर येईना. तिनं तेच पुन्हा पाठवलं. पंपघराच्या रिकाम्या खोलीत पट्टी कशी बाहेर येत असेल ते तिला दिसत होतं. काका विहिरीच्या काठावर, माणसं तळाशी, पंपाचा गडगडाट, आणि खोलीत कुणी नाही. टेलिफोन उचलला, तार कालपासून मुकी होती, हे ठाऊक असून उचलला.

"काय झालं हो?" हिशेबनिसांनी विचारलं.

तिनं नुसतं पडद्याकडे बोट केलं. ते वाकले, वाचलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. या माणसाकडे एरवी प्रत्येक गोष्टीवर टोमणा तयार असायचा. आज ते एवढंच म्हणाले, "उठा. साहेबांकडे. चला, मी येतो."

साहेब दरवाज्यांच्या माणसाशी फोनवर बोलत होते. तिनं दारातूनच सांगितलं. "साहेब, पंपघराला माझी सूचना उलटी पोचली. दोन माणसं जॅकवेलमध्ये आहेत. त्यात माझे मिस्टर आहेत." उलटी कशी, का, हे त्यांनी विचारलं नाही. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला.

"भोंगा वाजवतोच आपण उघडायच्या आधी."

"गाळपंप चालू असतो साहेब. काठावरच्यालाही बाजूच्याचं ऐकू येत नाही."

त्यांनी फोनवर सांगितलं, "थांबा. मी सांगेपर्यंत हात लावू नका." मग खिडकीबाहेर पाहिलं, जिथून जलाशय दिसायचा. पाणी धरणाच्या भिंतीवरच्या मोजपट्ट्यांवर चढत होतं, डोळ्यांना दिसेल इतकं. "मी थांबवतो," ते म्हणाले, "पण वरून येणारं पाणी माझं ऐकत नाही. जीप घ्या. माणसं बाहेर आली की पंपघराच्या आधीच्या वळणावर येऊन फोन करा, तिथे रेंज आहे. फोन आला नाही तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही, आणि पुरं करायला तिनंही सांगितलं नाही.

ड्रायव्हर जमेल तेवढ्या वेगानं गाडी हाकत होता. घळीचा रस्ता वळणावळणाचा. प्रत्येक वळणावर खाली नदी दिसायची, कोरडी, दगडगोट्यांची, उन्हात पडलेली. तोच कोरडेपणा तिला बरा वाटत होता. पुढच्या वळणावर ती अशीच दिसू दे, एवढंच ती मागत होती, आणि दिसली की पुढच्या वळणासाठी पुन्हा तेच. मधेच मागून भोंगा ऐकू आल्यासारखं झालं. ड्रायव्हरनंही मान किंचित वळवली. तो भोंगा नव्हता. चढावर कुठली तरी मोटार गियर बदलत होती.

पंपघराशी जीप थांबायच्या आत तिनं उडी टाकली. काका विहिरीच्या काठावर, हातात दोर, पाठ इकडे. शेजारी गाळपंपाचं इंजिन धडधडत होतं. ती जीव खाऊन ओरडली. त्यांना काही ऐकू गेलं नाही. मग ती दिसली, तेव्हा ते चक्क हसले. नवऱ्याचा डबा घरी राहिला असेल, तो घेऊन आली, असं वाटलं त्यांना. रिकाम्या हातांकडे पाहून मग ते हसू विरलं.

इंजिन कसं बंद करतात ते तिला माहीत नव्हतं. ड्रायव्हरनं केलं. एकदम इतकी शांतता झाली की तळातून पहारीचा ठोका वर आला.

"अहो!" तिनं काठावरून आत वाकून हाक मारली. "वर या! पाणी सुटतंय!"

खाली, गाळात, दोन दिवे वर वळले. नवऱ्याचा आवाज आला, मोठा, कारण पंप बंद झालाय हे त्याच्या कानांना अजून पटलं नव्हतं. "कुणी सांगितलं? सूचना आहे आमच्याकडे!"

"ती चुकीची आहे! मी सांगतेय, वर या!"

जोडीदार आधी शिडीला लागला. पायऱ्या चिखलानं निसरड्या, एक पाय सटकला, मग लागला. नवरा त्याच्या मागे दोन पायऱ्या चढला आणि थांबला. "पहार राहिली खाली," तो म्हणाला, आणि पुन्हा उतरू लागला.

पुढे कित्येक महिने तिच्या स्वप्नात पाणी आलं नाही, ही पहार आली. ती काय ओरडली ते तिला आठवत नाही. काका म्हणतात, नवऱ्याला तिनं 'अरे' म्हटलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. त्या 'अरे'नंच बहुधा तो दचकला. पहार तिथेच टाकून तो वर आला.

ड्रायव्हर फोन करायला वळणाकडे गेला. बाकीचे काठापासून लांब, उंचवट्यावर जाऊन बसले. पाणी आलं तेव्हा आधी आवाज आला, दूरवर कुणी खडी ओतत असल्यासारखा. मग कोरडे गोटे एकेक करून दिसेनासे झाले. काका उठून विहिरीत डोकावून आले. "शिडी बुडाली," ते म्हणाले, आणि परत खाली बसले. शिडी केवढी लांब आहे ते तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तिनं तो साध्या मजकुरात लिहिला. त्यांनी वाचून काट मारायची पद्धत त्याच दिवशी बंद केली, पाटीही बंद केली, आणि तिला मात्र त्याच खुर्चीवर ठेवलं. "आता तुमच्याइतकं जपून कोण लिहिणार?" ते म्हणाले. तिला वाटलं, बदली केली असती तर बरं झालं असतं.

घरी त्या संध्याकाळी नवरा हळू आवाजात बोलत होता. जेवण झाल्यावर त्यानं खिशातून एक पट्टी काढून तिच्यासमोर ठेवली. सुधारित सूचना, हरकत नाही, खाली तिचं नाव.

"सकाळची सूचना आली तरी आम्ही उतरलो नव्हतो," तो म्हणाला. "वरच्या अंगाला आभाळ काळं दिसत होतं. मी म्हटलं काकांना, आज राहू दे. तेवढ्यात ही आली. म्हटलं, तिनं पुन्हा विचारून घेतलेलं दिसतंय. ती उगीच दोनदा लिहायची नाही."

ती पट्टीवरच्या अक्षरांकडे बघत होती.

"तुझं नाव बघून उतरलो गं," तो म्हणाला. त्यात राग नव्हता. राग असता तर तिनं सोसला असता.

पाणी ओसरायला आठवडा गेला. जाळी अर्धीच साफ झाली होती, गावाचे नळ गढूळ वाहत होते. सकाळी साहेब म्हणाले, आज दरवाजे बंद राहतील, पंपघराला कळवा. तिनं जलाशयाची पातळी स्वतः जाऊन पाहिली. वरच्या खोऱ्यात फोन करून आभाळ विचारलं. दरवाज्यांच्या माणसाला विचारलं. पुन्हा साहेबांना विचारलं. मग येऊन बसली आणि टाइप केलं, 'आज पाणी सोडणार नाही. जॅकवेलमध्ये उतरण्यास हरकत नाही.' साधी, काळी, उघडी अक्षरं. आधी स्वतःलाच पाठवून पाहिलं. लिहिलं तसंच पोचलं. हिशेबनिसांना वाचायला सांगितलं. त्यांनी मोठ्यानं वाचलं, अक्षर न् अक्षर. "बरोबर आहे बाई," ते म्हणाले. "पाठवा."

तिचं बोट बटणावर होतं आणि दाबलं जात नव्हतं. पत्रात एकही चूक नव्हती. भीती आता चुकण्याची राहिलीच नव्हती. ती त्या 'हरकत नाही'ची होती, आणि त्याखालच्या नावाची.

पंपघराकडून ओळ आली. 'सूचना अजून आली नाही. फिटर काठावर बसून आहेत.'

तिनं बटण दाबलं.

थोड्या वेळानं उत्तर आलं. 'सूचना मिळाली. माणसं उतरवली.' तेच शब्द, अगदी तेच. तिनं खुर्ची फिरवली आणि जलाशय दिसायचा त्या खिडकीकडे तोंड करून बसली, आणि माणसं वर आल्याचं कळेपर्यंत उठली नाही.